येजितखत आणि मराठेशाहींतील पुनर्न्याय

(१)

मराठेशाहींतील न्यायपद्धतीविषयीं आजवर जें लेखन झालें आहे त्यांत एक प्रश्न नेहमीं बाजूला पडलेला दिसतो. निवाडा कोणीं करावा, साक्ष कशी घ्यावी, दिव्य केव्हां करावें, यांवर विपुल चर्चा आहे. परंतु झालेला निवाडा ज्यास मान्य नाहीं त्यानें कोठें जावें, आणि निवाडा अखेरचा झाला असें केव्हां समजावें, याचें उत्तर बहुतेक लेखक दोनचार वाक्यांत उरकून घेतात. त्या दोनचार वाक्यांतून दोन परस्परविरुद्ध समज रूढ झाले आहेत. एक पक्ष म्हणतो, मराठ्यांच्या राज्यांत अपील म्हणून कांहीं नव्हतेंच. वरिष्ठाची मर्जी हाच कायदा. दुसरा पक्ष म्हणतो, गोतसभेपासून हुजुरापर्यंत आजच्यासारखींच एकावर एक न्यायालयें होतीं. आमच्या मतें हे दोन्ही समज सदोष असून दोहोंच्या मुळाशीं एकच उणीव आहे. अभ्यासकांनीं निवाड्याचा कागद पाहिला, निवाड्यानंतरचा कागद पाहिला नाहीं. तो कागद म्हणजे येजितखत.

येजितखत म्हणजे हरलेल्या पक्षानें जिंकलेल्या पक्षास स्वतः लिहून दिलेलें पत्र. आपण अमुक वतनाविषयीं वाद सांगितला, अमुक पंचांपुढें तो चालला, त्यांत आपण खोटे झालों, यापुढें त्या वतनाशीं आपला संबंध नाहीं, असा त्याचा आशय असतो. कोणी या शब्दांत संस्कृत ‘अजित’ पाहूं जातात. परंतु अजित म्हणजे जो जिंकला गेला नाहीं तो. आणि हें पत्र तर जिंकला गेलेला मनुष्य लिहितो. अशा शब्दांचा अर्थ ध्वनीवरून न घेतां व्यवहारावरून घ्यावा हें बरें.

(२)

पहिल्या समजाचा उगम मौंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या १८१९ च्या अहवालांत आहे. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयींच्या या अहवालांत त्यांनीं न्यायाची उतरंड स्पष्ट सांगितली आहे: गांवीं पाटील, त्यावर मामलतदार, त्यावर सरसुभेदार, आणि सर्वांवर पेशवे किंवा त्यांचे कारभारी. पंचाईत हें न्यायाचें मुख्य साधन होतें हेंहि ते सांगतात. परंतु दोष दाखवितांना ते म्हणतात कीं, फिर्याद दाखल करण्याची निश्चित रीत नव्हती, ती चालविण्याचे ठराविक नियम नव्हते, आणि खालच्या अंमलदाराच्या निर्णयावरील अपील ऐकावयाचें कीं नाहीं हेंहि वरिष्ठाच्या इच्छेवर अवलंबून असे. हें शेवटचें विधान पुढील लेखकांनीं इतक्या वेळां उचललें कीं, तें पुराव्याऐवजीं सिद्धांत होऊन बसलें.

अहवाल लिहिणारा पुरुष द्वेष्टा नव्हता. इतके दोष असूनहि हा देश भरभराटींत होता, आणि इंग्रजांच्या अधिक पूर्ण म्हणविणाऱ्या राज्यांत असलेल्या कांहीं पीडा येथील लोकांस नव्हत्या, अशी कबुली त्यांनींच दिली आहे. तथापि त्यांच्या साक्षीस दोन मर्यादा आहेत. पहिली काळाची. त्यांनीं जवळून पाहिली ती दुसऱ्या बाजीरावाची कारकीर्द. त्या काळीं मामलती मक्त्यानें दिल्या जात. जो अधिक रक्कम कबूल करी त्याच्या हातीं मुलूख जाई, आणि मुलखाबरोबर न्यायहि जाई. रामशास्त्री प्रभुणे १७८९ सालीं निवर्तले. त्यांच्या वेळच्या न्यायासनावरून १८१८ च्या मक्तेदाराची परीक्षा होत नाहीं, तशीच मक्तेदारावरून न्यायासनाचीहि होत नाहीं.

दुसरी मर्यादा दृष्टीची. एल्फिन्स्टन अपिलाची मुदत, अर्जाचा नमुना आणि नोंदीचें पुस्तक शोधीत होते. तें त्यांस सांपडलें नाहीं, म्हणून नियमच नाहीं असें त्यांस वाटलें. घाटावरचा मनुष्य भाताच्या मुलखांत ज्वारीचीं शेतें शोधूं लागला, तर येथें पीकच होत नाहीं असें त्यास वाटावें, त्यांतलाच हा प्रकार आहे.

(३)

दुसऱ्या समजास स्वदेशाभिमानाचें बळ आहे, म्हणून तो अधिक सावधपणें तपासला पाहिजे. न्या. रानडे यांनीं १९०० सालीं पेशव्यांच्या रोजनिशीवर लिहिलेला प्रस्तावनापर निबंध, सुरेंद्रनाथ सेन यांचा १९२३ चा मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथ, आणि डॉ. विठ्ठल त्रिंबक गुणे यांचा डेक्कन कॉलेजानें १९५३ सालीं प्रसिद्ध केलेला न्यायपद्धतीवरील प्रबंध, हे या विषयाचे तीन टप्पे म्हणतां येतील. यांत गुणे यांचें काम आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. इंग्रज अंमलदारांच्या उशिरा लिहिलेल्या वर्णनांवर न विसंबतां त्यांनीं १६०० ते १८१८ पर्यंतचे मूळ निवाडे हातीं घेतले, आणि गोतसभा व मजालस यांचें स्वरूप त्या निवाड्यांवरूनच मांडलें. हा मार्ग योग्य होता, आणि त्यावरून पुढें जाणाऱ्या प्रत्येकावर त्यांचें ऋण आहे.

परंतु त्या प्रबंधाच्या नांवांतच त्याच्या साधनांची यादी आहे: महजर, निवाडपत्रें आणि सरकारी आज्ञा. गुणे यांस येजितखत अपरिचित होतें असें नव्हे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, निवाड्यांच्या पायावर उभारलेल्या इमारतींत निवाडा हाच शेवट दिसूं लागतो. एक निवाडा झाला, पुन्हां वाद उभा राहिला, दुसरा निवाडा झाला, असें क्रमानें वाचणारा वाचक दुसऱ्यास ‘वरचें न्यायालय’ आणि पहिल्यास ‘खालचें न्यायालय’ म्हणूं लागतो. त्यांतून ‘थळ’ या शब्दाचा अर्थ ‘कोर्ट’ असा केला जातो, आणि गोतसभेस मुनसफाची, देशमुख-देशपांड्यांच्या सभेस जिल्ह्याची व हुजुरास हायकोर्टाची जागा देऊन मोकळें होतां येतें. हें चित्र सुबक आहे, परंतु मराठी कागदांचें नाहीं.

(४)

आमचें शिक्षण संस्कृतांत झालें असल्यामुळें स्मृतींत पुनर्न्यायाचा विचार कसा आहे तें आधीं पाहणें आम्हांस सोईचें वाटतें. महाराष्ट्रांत व्यवहाराच्या बाबतींत विज्ञानेश्वराची मिताक्षरा आणि नीलकंठाचा व्यवहारमयूख हे ग्रंथ प्रमाण मानले जात, हें महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा १९४६ सालचा तिसरा खंड चाळणाऱ्यास ठाऊक आहेच.

याज्ञवल्क्यानें न्याय करणाऱ्यांचे चार वर्ग सांगितले आहेत: राजानें नेमलेले, पूग, श्रेणी आणि कुल, आणि यांत आधीचा पुढच्याहून श्रेष्ठ. मिताक्षराकार स्पष्ट करतो कीं, कुलानें केलेला निर्णय श्रेणीकडे, श्रेणीचा पूगाकडे आणि पूगाचा राजनियुक्तांकडे नेतां येतो. उलट दिशेनें नेतां येत नाहीं. येथें शिडी आहे यांत शंका नाहीं. शिवाय, चुकीचा निर्णय राजानें पुन्हां पाहावा, आणि चूक ठरल्यास सभ्यांस व जिंकलेल्या पक्षास मिळून दंड करावा. याउलट न्यायानें हरलेला मनुष्य हरलों नाहीं म्हणून पुन्हां आला, तर त्यास पुन्हां हरवून दुप्पट दंड घ्यावा, असेंहि याज्ञवल्क्य म्हणतो. नारदाच्या मतें निर्णय अधर्मानें झाला असें ज्यास वाटतें त्यानें दुप्पट दंडाची जबाबदारी पत्करून वाद पुन्हां उभा करावा. मनूनें धर्मानें झालेला निर्णय फिरवूं नये असें सांगून, अमात्यांनीं केलेला चुकीचा निर्णय राजानें स्वतः पाहावा असा अपवाद ठेविला आहे. बळानें किंवा कपटानें झालेले व्यवहार, तसेच खोट्या साक्षीवर झालेले निर्णय परत फिरवावे, हेंहि स्मृतींत आहे.

तात्पर्य, पुनर्न्याय कोणत्या कारणांवर मिळावा, आणि खोटा पुनर्वाद करणारास कोणती धास्ती असावी, हे दोन्ही विचार आपल्या शास्त्रांत पूर्वींपासून आहेत. वरिष्ठाची मर्जी हाच एक नियम, असें म्हणणारास हें शास्त्र ज्या पंडितांच्या हातीं होतें तेच पेशव्यांच्या न्यायासनावर बसत असत, याचा विसर पडलेला असतो.

मात्र येथेंच एका गोष्टीकडे लक्ष वेधणें अवश्य आहे. ‘गोत’ हा शब्द गोत्रावरून आला म्हणून गोतसभा म्हणजे स्मृतींतील कुल, असें समीकरण कित्येक जण करतात. परंतु गोतसभेंत पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन आणि निरनिराळ्या जातींचे बलुतेदार एकत्र बसत. एका स्थळीं राहणारा, नाना जातींचा व नाना वृत्तींचा समूह म्हणजे पूग, असें मिताक्षराकार सांगतो. म्हणून गोतसभा ही कुलापेक्षां पूगास जवळची आहे. आणि मिताक्षरेच्या शिडीवर ती अगदीं खालच्या पायरीवर नसून राजनियुक्तांच्या लगत खालीं येते. गांवच्या गोताचा निर्णय सरकारहि सहसा कां मोडीत नसे, याचें एक कारण यांत सांपडतें.

(५)

आतां मराठी कागदांकडे वळूं. वाद सुरू होतांना उभय पक्षांकडून राजीनामा घेत. अमक्या पंचांचा किंवा अमक्या थळाचा निर्णय आम्हांस मान्य, असें ते लिहून देत. वर्तणुकीविषयीं जामीन घेत. मग तक्रीर, म्हणजे प्रत्येकाचें निवेदन, करिना, म्हणजे वतनाचा पूर्ववृत्तांत, त्यानंतर साक्षी. निवाडा झाल्यावर जिंकलेला हरकी भरी व हरलेला गुन्हेगारी. महजरावर सभासदांचे शिक्के व निशाण्या होत. पाटलाचा नांगर तर सर्वांच्या परिचयाचा आहे.

यांत हरलेल्या पक्षास वाट कोणती? तो वरिष्ठाकडे जाई हें खरें. परंतु तेथें तो ‘निर्णय चुकला’ एवढेंच न म्हणतां ‘थळ निर्मळ नाहीं’ असें म्हणे. पंच प्रतिपक्षाचे सोयरे आहेत, पाटील स्वतःच वादी असल्यामुळें गांवकरी त्याच्या भिडेंत आहेत, म्हणून दुसरें थळ द्यावें, अशी त्याची मागणी असे. ही मागणी वाजवी दिसल्यास वाद दुसऱ्या गांवच्या, दुसऱ्या परगण्याच्या किंवा पैठणसारख्या क्षेत्रींच्या सभेकडे जाई. ती सभा पहिल्या सभेहून अधिकारानें श्रेष्ठ असावी असा नियम नव्हता. ती तटस्थ असावी एवढेंच अगत्याचें होतें. स्मृतींतील वाट चढणीची आहे, मराठी व्यवहारांतील बहुधा वळशाची. ‘थळ’ म्हणजे कोर्ट नव्हे. थळ म्हणजे ज्यावर उभयतांचा विश्वास बसतो तें ठिकाण.

दिव्याचेंहि असेंच. मनुष्यप्रमाण नसेल तेथेंच दिव्य, असा स्मृतींचा क्रम आहे. परंतु मराठी वादांत साक्षी झाल्यावरहि हरूं लागलेला पक्ष रवादिव्य मागतांना दिसतो. शास्त्राच्या दृष्टीनें हें विपरीत. व्यवहाराच्या दृष्टीनें मात्र तें शेवटचें थळ होय; मनुष्यांवरचा विश्वास संपला म्हणजे देवाचें थळ मागावयाचें.

असे वळसे घेत घेत वाद अनंत काळ चालावयाचा नसेल, तर त्यास कोठें तरी बांध पाहिजे. तो बांध सभेच्या दर्जानें घातला जात नव्हता. येजितखतानें घातला जात होता. स्मृतींत जयपत्र आहे. तें राजाकडून किंवा सभेकडून जिंकणारास मिळतें. हरलेल्यानें जिंकलेल्यास स्वहस्तें लिहून द्यावयाच्या पत्रास स्मृतिकारांनीं असें मध्यवर्ती स्थान दिलेलें नाहीं. मराठी पद्धतीनें तें दिलें. पराजिताच्या मुखानें पराजय वदविल्याशिवाय तिला न्याय पुरा झाला असें वाटत नसे. येजितखतांत पुन्हां वाद सांगितल्यास आपण दिवाणाचे गुन्हेगार आणि गोताचे खोटे, अशा अर्थाची दुहेरी बांधिलकी येते. म्हणजे पुनर्वाद केल्यास सरकारचा दंड होईच, शिवाय ज्यांच्यांत बसावयाउठावयाचें त्या समाजांतील पतहि जाई. नारदाच्या दुप्पट दंडाचें काम येथें हरलेल्याच्या स्वतःच्या शब्दानें केलें आहे.

(६)

यावर आक्षेप येईल कीं, येजितखतें होऊनहि एकेक वाद पिढ्यान्‌पिढ्या चालले. मग त्या बांधाचा उपयोग काय? आक्षेप रास्त आहे, परंतु वाद पुन्हां उभे राहण्याचीं कारणें पाहिलीं पाहिजेत. पहिलें कारण बळाचें. येजितखत जुलमानें लिहून घेतलें असें सिद्ध केल्यास तें टिकत नसे. हा नियमाचा भंग नव्हे, बळ व कपट यांविषयींचा स्मृतीचा नियमच होय. दुसरें कारण भाऊबंदांचें. ज्या शाखेनें लिहून दिलें नाहीं ती आपणांस मोकळी समजे. म्हणूनच पुत्रपौत्र व भाऊबंद यांस बांधून घेण्याची भाषा या पत्रांतून येते. तिसरें आणि सर्वांत मोठें कारण राज्य बदलण्याचें. १६८९ नंतरच्या धामधुमींत एकाच वतनाच्या सनदा दोन दावेदारांस मिळाल्या, हें सुप्रसिद्ध आहे. ज्या दिवाणाचा गुन्हेगार होण्याची धास्ती होती तो दिवाणच बदलला, म्हणजे धास्ती उरत नसे.

आमच्या कर्जत-खालापूरच्या मुलखास याचा अनुभव पुरेपूर आहे. कल्याण प्रांत १६५७ सालीं शिवाजी महाराजांच्या हातीं आला. पुढें मोंगलांचा अंमल, मग पुन्हां मराठ्यांचा. १७८० सालीं कल्याण इंग्रजांनीं घेतलें, १७८२ च्या सालबाईच्या तहानें हा मुलूख परत मिळाला, आणि पुढें कायमचा गेला. प्रत्येक फेरबदलांत हरलेल्यास नवा धनी सांपडला. यांत दोष न्यायपद्धतीचा किती आणि राज्याच्या अस्थैर्याचा किती, हें वेगळें केल्याशिवाय ‘मराठेशाहींत निवाडा कधींच अखेरचा नसे’ असें विधान करणें अन्यायाचें आहे.

आजच्या कायद्याशीं ताडून पाहिलें तरी येजितखताचें मर्म कळतें. आज कर्जतच्या दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा रायगडच्या जिल्हा न्यायालयाकडे जातो. तेथून दुसरें अपील मुंबईच्या उच्च न्यायालयाकडे, तेंहि कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. महसुली वादांत १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणें जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या अंमलदाराच्या हुकुमावर ६० दिवसांत व इतर बाबतींत ९० दिवसांत अपील करावें लागतें. ही शिडी व या मुदती एल्फिन्स्टन यांच्या मनाजोग्या आहेत. परंतु याच व्यवस्थेंत दोन जागा अशा आहेत कीं, तेथें जुनें तत्त्व अजून जिवंत आहे. १९०८ च्या दिवाणी व्यवहारसंहितेप्रमाणें उभय पक्षांच्या संमतीनें झालेल्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाहीं. १९८७ च्या कायद्याखालील लोकअदालतीच्या निवाड्यावरहि नाहीं. ज्यानें स्वतः मान्य केलें त्यास तक्रारीची जागा नाहीं, हें येजितखताचेंच तत्त्व. दुसरी जागा शिडीच्या अगदीं वरच्या टोकाला आहे. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय होऊन त्याचा फेरविचारहि नाकारला गेल्यावर, ज्यास वकीलमंडळी क्युरेटिव्ह पिटिशन म्हणतात असा आणखी एक अर्ज २००२ सालीं त्या न्यायालयानें मान्य केला. त्याचीं मुख्य कारणें दोन: म्हणणें ऐकून न घेतां निर्णय झाला, किंवा न्यायाधीशाचा पक्षपात होण्याजोगा संबंध उघड केला गेला नाहीं. दुसरें कारण म्हणजे आमच्या पूर्वजांचें ‘थळ निर्मळ नाहीं’ हेंच होय. जी तक्रार आज शिडी संपल्यावर ऐकिली जाते ती त्यांनीं पहिल्या वळणावरच ऐकिली होती. यावरून जुनी पद्धति श्रेष्ठ ठरते असें आम्ही म्हणत नाहीं. तिला नियम नव्हता हें म्हणणें मात्र टिकत नाहीं.

(७)

आतां संग्राहकांस दोन शब्द. कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडाव हें गांव आहे. दिगंबर गणेशामुळें तें पुष्कळांस माहीत असेल. समजा, अशा गांवच्या पाटिलकीचा वाद मराठेशाहींत उभा राहिला. त्याचा पहिला कागद गांवीं, दुसरा कल्याणास सुभ्याच्या कचेरींत, आणि हुजुरापर्यंत मजल गेली तर पुढचा पुण्यास. वादी खोपोलीस नाना फडणविसांच्या तळ्यावर विसावा घेऊन बोरघाट चढला असेल. त्याच्या कंबरेच्या कागदांचे तुकडे त्याच वाटेनें विखुरले. इंग्रजींत हा तालुका आधीं ठाणें जिल्ह्यांत होता, १८९१ सालीं कुलाब्यांत आला, आणि १९८१ सालीं जिल्ह्याचें नांव रायगड झालें. म्हणून एकाच वादाचे महसुली कागद ठाणें, अलिबाग व पुणें अशा तीन ठिकाणीं शोधावे लागतात. अपिलाची वाट ठाऊक असेल तरच दप्तराची वाट सांपडते.

परंतु येजितखत या तिन्ही ठिकाणीं शोधून उपयोग थोडा. तें जिंकलेल्याच्या घरीं राही. १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनाची चौकशी सुरू झाली तेव्हां घरोघरच्या सनदा व निवाडपत्रें बाहेर निघालीं. हरलेल्या भाऊबंदानें दिलेली चिठ्ठीवजा कबुली रुमालांतच राहणें स्वाभाविक होतें. पुढें संग्राहक आले, त्यांनींहि शिक्क्यांचे लांबलचक महजर उचलले. येजितखतावर ना शिक्क्यांची रांग, ना निशाण्यांची शोभा. मोडींतील दहापांच ओळींचा तो तुकडा महजराबरोबर कोणी मागत नाहीं, आणि रद्दीबरोबर सहज जातो. आज महजर चौकटींत बसवून भिंतीवर लावलेले दिसतात. त्या वादाचा शेवट कसा झाला हें मात्र त्या भिंतीस विचारून कळत नाहीं.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. एक, महजरांत किंवा निवाडपत्रांत ‘येजितखत लिहून दिलें’ असा उल्लेख आला कीं तें जिंकलेल्याच्या वंशजांकडे शोधावें, आणि शोधल्यावांचून त्या वादावर मत देऊं नये. दोन, एका वादाचे राजीनामा, तक्रीर, करिना, साक्षपत्रें, निवाडा व येजितखत हे कागद एकाच रुमालांत, ज्या क्रमानें सांपडले त्या क्रमानें ठेवावे; सुंदर-असुंदर अशी निवड करून ते वेगळे करूं नयेत. तीन, छापतांना येजितखत परिशिष्टांत किंवा तळटीपेंत न घालतां निवाड्याच्या शेजारीं छापावें, आणि तें उपलब्ध नसल्यास तसें स्पष्ट लिहावें.

हें केवळ वर्गीकरण नव्हे. आपल्या पूर्वजांस न्यायाचा शेवट करतां येत नव्हता, असा ठपका दोनशें वर्षें त्यांवर आहे. आणि त्या ठपक्याचें उत्तर ज्या कागदांत आहे तोच आपल्या हातून वाण्याच्या पुड्यांत जात आहे. जो निवाडा आपण पूर्ण वाचला नाहीं त्यावर आपणहि निवाडा देऊं नये.